मोठा कोण? कर्नल सी. के. नायडू आणि न संपणारा वाद

पुण्याचे पाहुणे, वडोदऱ्याचे साडू आणि मुंबईची आत्या एका लग्नात भेटले, की आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत एक वाद हमखास निघतो. जुन्या काळातला सगळ्यात मोठा क्रिकेटपटू कोण? पुणेकर प्रा. दि. ब. देवधरांचे नाव घेतात. वडोदरेकरांना विजय हजारे सोडून दुसरे नाव सुचत नाही. मुंबईकर विजय मर्चंट यांची सरासरी सांगतात आणि ती सांगितली की विषय संपला, अशी त्यांची समजूत असते. आपण इंदूरकर मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच नाव घेत आलो आहोत, कर्नल सी. के. नायडू.

नायडूंचा जन्मदिवस ३१ ऑक्टोबर आणि स्मृतिदिन १४ नोव्हेंबर. दोन्ही तारखा दिवाळीच्या आगेमागे येतात. त्या निमित्ताने आम्ही हे लेखन करीत आहोत. वादात आपण त्यांचे नाव मोठ्या आवाजात घेतो, पण त्या नावामागचा माणूस घरातल्या मुलांना ठाऊक असतोच असे नाही. त्यांना नायडू म्हणजे तरुण खेळाडूंच्या एका स्पर्धेचा चषक, नाहीतर क्रिकेट मंडळाच्या जीवनगौरव पुरस्काराचे नाव.

शिवाय पाहुण्यांच्या हातात एक हुकमाचे पान असते. नायडूंची कसोटी कारकीर्द ७ सामन्यांची. त्यांत ३५० धावा, सरासरी २५, सर्वाधिक ८१, बळी ९. शतक एकही नाही. हा हिशेब समोर ठेवला की आपली तरुण मुले गप्प बसतात. एवढ्या भांडवलावर एखादा माणूस सगळ्यांत मोठा कसा ठरतो? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आरडाओरड्यात नाही, त्या माणसाच्या आयुष्यात आहे.

नागपूरचा मुलगा

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला झाला. घराणे तेलुगू. आजोबा नारायणस्वामी नायडू नागपुरातले नामवंत वकील आणि जमीनदार. वडील केंब्रिजला शिकून आलेले, तेही वकील. रणजितसिंहजींशी त्यांचा स्नेह होता. म्हणजे क्रिकेट घरात आधीपासूनच होते. नायडूंचे शिक्षण नागपुरात हिस्लॉपच्या शाळेत झाले आणि शाळेत असतानाच त्यांच्या फटक्यांची चर्चा गावात होऊ लागली.

त्या वेळी रणजी स्पर्धा नव्हती. नाव कमवायचे तर मुंबईची चौरंगी स्पर्धा हेच ठिकाण. त्यात युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ असत. पुढे १९३७ मध्ये इतरांचा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. ही स्पर्धा पाहायला मुंबईत माणसांचा पूर लोटत असे. त्यात कोणता संघ श्रेष्ठ, हा वाद नुसता खेळाचा नसे. कोणता समाज श्रेष्ठ, असा त्याचा अर्थ लावला जाई. म्हणूनच महात्मा गांधींनी १९४० मध्ये या पद्धतीला विरोध केला आणि काही वर्षांत ती बंद पडली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण नायडूंच्या आयुष्यात तिचे महत्त्व पुढे येणार आहे.

नायडूंनी १९१६ मध्ये हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध पदार्पण केले. ७ गडी बाद ७९ अशी अवस्था असताना ते नवव्या क्रमांकावर खेळायला आले. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडवले. चौथा चेंडू षटकार. विशीतल्या मुलाची ही ओळख पुढे जवळजवळ पन्नास वर्षे टिकली.

होळकरांचे बोलावणे

१९२३ मध्ये इंदूर दरबाराने नायडूंना बोलावून घेतले आणि होळकर सैन्यात अधिकाराची जागा दिली. कर्नल ही त्यांची पदवी तिथली. संस्थानांमध्ये खेळाडूला, पैलवानाला किंवा गवयाला नोकरी देऊन ठेवून घ्यायची पद्धत होती. कुठे हा नुसता शौक होता, कुठे त्यातून खरोखर काही उभे राहिले. इंदुरात पुष्कळ उभे राहिले.

नायडू उंच, सडपातळ, ताठ चालीचे होते. गणवेश त्यांना शोभे आणि पांढरे कपडे त्याहून अधिक. पाय पुढे टाकून सरळ बॅटीने चेंडू गोलंदाजाच्या डोक्यावरून मारणे, हा त्यांचा खास फटका. ते गोलंदाजीही करीत आणि क्षेत्ररक्षणात चपळ होते. पण लोक येत ते षटकारांसाठी.

डिसेंबर १९२६

आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एमसीसी संघ १९२६-२७ मध्ये भारतात आला होता. मुंबईत जिमखान्याच्या मैदानावर त्यांचा हिंदू संघाशी सामना झाला. पाहुण्यांनी ३६३ धावा केल्या. त्यात गाय अर्ल या धिप्पाड फलंदाजाने १३० धावा करताना ८ षटकार मारले. असा मारा आता पुन्हा पाहायला मिळणार नाही, असे वाटून लोक घरी गेले असतील.

दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला, नायडू खेळायला आले. दोन तासांच्या आत त्यांनी १५३ धावा केल्या. त्यात १३ चौकार आणि ११ षटकार. कचेऱ्यांमधून माणसे मैदानाकडे धावली, झाडांवर आणि आसपासच्या गच्च्यांवर जागा राहिली नाही. सामना अनिर्णित राहिला, पण निकालाची आठवण कोणालाच उरली नाही. एमसीसीने नायडूंना चांदीची बॅट भेट दिली.

इथे आम्ही पुणेकरांचा मुद्दाही मांडतो, नाहीतर अन्याय होईल. त्याच महिन्यात त्याच मैदानावर त्याच एमसीसीविरुद्ध अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा केल्या आणि भारताला पहिल्या डावात आघाडी मिळवून दिली. ती खेळी अधिक जबाबदारीची होती, असे पुणेकर म्हणतात आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या या प्राध्यापकांना कसोटी सामना मात्र कधीच मिळाला नाही. १९३२ मध्ये ते चाळिशीत पोहोचले होते. नायडू छत्तीस वर्षांचे होते, त्यांना मिळाला. दोघांचेही उमेदीचे दिवस भारताला कसोटी दर्जा मिळण्याआधीच गेले होते.

तरी १ डिसेंबरच्या त्या दोन तासांनी जे केले, ते धावफलकावर लिहिता येत नाही. साहेबांचा खेळ साहेबांपेक्षा चांगला आपल्यातला एक माणूस खेळू शकतो, हे हजारो लोकांनी एकाच वेळी डोळ्यांनी पाहिले. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये भारताला पहिली कसोटी मिळाली.

लॉर्ड्सचा कर्णधार

त्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना खेळाचा विचार शेवटी झाला. संघनायक राजघराण्यातलाच हवा, अशी तेव्हाची रीत. पोरबंदरचे महाराज कर्णधार झाले आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार. महाराजांच्या दौऱ्यातल्या धावा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या होत्या. पण त्यांच्या मनाचा मोठेपणा मान्य करायला हवा. आपली खेळाडू म्हणून कुवत त्यांनी ओळखली आणि कसोटीच्या वेळी ते स्वतः बाजूला झाले. घनश्यामसिंहजीही खेळू शकत नव्हते. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व नायडूंकडे आले.

सगळे खेळाडू खूश नव्हते. संस्थानिकाच्या हाताखाली खेळणे चालेल, पण आपल्यातल्याच एकाचा हुकूम कसा पाळायचा, असा काहींचा सूर होता. नायडूंची कडक शिस्तही अनेकांना जाचत होती. पोरबंदरच्या महाराजांनी समज दिली आणि संघ मैदानात उतरला.

सामन्याची सुरुवात अशी झाली की लंडनकर चकित झाले. इंग्लंडचे तीन मोहरे १९ धावांत तंबूत. महंमद निसार यांनी त्या डावात ५ बळी घेतले आणि इंग्लंडला २५९ धावांत रोखले. भारताचा डाव सुरू झाला तेव्हा कसोटीतला भारताचा पहिला चेंडू खेळला तो जनार्दन नवले या मराठी यष्टिरक्षकाने. नायडूंच्या हाताला क्षेत्ररक्षण करताना दुखापत झाली होती. तशाच हाताने त्यांनी ४० धावा केल्या, त्या डावातल्या सर्वाधिक. भारत १५८ धावांनी हरला. पण हा संघ बरोबरीने उभा राहू शकतो, हे दिसून आले.

त्या संपूर्ण दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणी सामन्यांत १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. १९३३ च्या विस्डेन वार्षिकात वर्षातल्या पाच खेळाडूंमध्ये त्यांचे नाव आले. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर त्यांनी मारलेल्या एका षटकाराची कथा इंदुरात अजून सांगितली जाते. चेंडू रिआ नदी ओलांडून एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात गेला, असे म्हणतात. ही नदी ओढ्यापेक्षा फार मोठी नाही, एवढा तपशील सांगणारा सहसा गाळतो.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांचा संघ भारतात आला तेव्हाही नायडूच कर्णधार होते. डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईत झालेल्या कसोटीत लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक ठोकले. दुसऱ्या डावातल्या त्या १८६ धावांच्या भागीदारीत दुसऱ्या टोकाला ६७ धावा करणारे नायडू होते.

यानंतर जे झाले ते कटू आहे. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांना मिळाले. त्यांच्याकडे पैसा होता, वजन होते, खेळ नव्हता. संघात तट पडले. अमरनाथ यांना अर्ध्या दौऱ्यातून घरी पाठवण्यात आले. नायडू खेळाडू म्हणून गेले आणि तिन्ही कसोट्या खेळले. ओव्हलला शेवटच्या कसोटीत गबी ॲलन यांचा चेंडू अंगावर जोरात बसूनही त्यांनी ८१ धावा केल्या. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. त्यांची कसोटी कारकीर्द तिथे संपली. सात सामन्यांचा हिशेब तो हाच. भारताने १९३६ पर्यंत एकूण कसोट्याच सात खेळल्या होत्या, आणि सातही सामन्यांत नायडू होते. ही माहिती त्या २५ च्या सरासरीबरोबर कोणी सांगत नाही.

होळकर संघ

बहुतेक खेळाडूंचे चरित्र इथे आटोपते. नायडूंचे सगळ्यात मोठे काम इथून पुढे सुरू झाले, तेही आपल्या गावात.

१९४१-४२ पासून रणजी स्पर्धेत होळकर हा संघ उतरू लागला. महाराजा यशवंतराव होळकरांचा आश्रय आणि नायडूंची नजर यांतून हा संघ घडला. मुश्ताक अली तर इंदूरचेच. त्यांच्यातले गुण नायडूंनी ते शाळकरी असताना हेरले होते. १९३६ मध्ये मँचेस्टरला परदेशातले पहिले भारतीय कसोटी शतक मुश्ताक अलींनी केले. नायडूंचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू लेगस्पिन टाकत. सागरचे चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, के. व्ही. भांडारकर, हिरालाल गायकवाड अशी आपली माणसे संघात होती. यांतल्या अनेकांना दरबाराने नोकऱ्या दिल्या. त्यामुळे पोटाची काळजी न करता त्यांना खेळता आले.

कर्णधार तेलुगू, सलामीवीर मुसलमान, मधल्या फळीत मराठी, आणि संघाला नाव होळकरांचे. मुंबईत ज्या काळात धर्मावर संघ पडत होते, त्याच काळात इंदुरात असा संघ उभा राहिला. यशवंत क्लबच्या मैदानावर जमणाऱ्या लोकांना यात काही विशेष वाटत नसे. आपला संघ म्हणजे असाच, एवढेच त्यांना माहीत होते. आमच्या मते नायडूंची ही कमाई कोणत्याही द्विशतकापेक्षा मोठी आहे.

आता त्या संघाच्या कामगिरीकडे वळू. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला. त्यांपैकी पहिल्या आठ वेळा कर्णधार नायडू होते. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असे चार वेळा त्यांनी रणजी करंडक इंदूरला आणला. हरवलेले संघ अनुक्रमे बडोदा, मुंबई, गुजरात आणि बंगाल.

१९४४-४५ चा मुंबईविरुद्धचा अंतिम सामना तर दंतकथाच झाला आहे. इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन युद्धाच्या नोकरीत आपल्या महूला होते, ते होळकरांकडून खेळले. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या, त्यात मर्चंट यांच्या २७८. सी. एस. नायडूंनी त्या सामन्यात १५२.५ षटके टाकली आणि ४२८ धावा देऊन ११ बळी घेतले. होळकरांसमोर ८६७ धावांचे लक्ष्य होते. कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिले, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके केली, तरी ३७४ धावांनी हार पत्करावी लागली. एका सामन्यात २,०७८ धावा झाल्या.

पुढच्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध इंदूरला होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव सोडला. एका डावात सहा जणांची शतके झाली. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंह १००. सरवट्यांनी त्याच सामन्यात एका डावात ९ बळीही घेतले. त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी पूर्ण २०० धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ही त्यांची सर्वोच्च खेळी, आणि वय पन्नास वर्षे. होळकर ५६ धावांनी जिंकले.

वडोदरेकरांनी पुढच्या वर्षी सगळी परतफेड केली, हेही लिहायला हवे. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९ यांनी होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. बडोदा एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकले. पण त्याच्या पुढच्या वर्षी करंडक पुन्हा इंदुरात आला. एवढ्या मोठ्या पराभवानंतर संघ मोडला नाही, याचे श्रेय कर्णधाराला द्यावेच लागते.

शिस्तीचा माणूस

नायडूंचा स्वभाव गोड नव्हता. सराव चुकवलेला त्यांना चालत नसे. चेंडू लागला म्हणून खेळाडूने जागा चोळत उभे राहावे, हेही त्यांना खपत नसे. त्यांचा धाक वाटे आणि त्या धाकामुळे काही माणसे कायमची दुरावली. १९३२ च्या दौऱ्यातली नाराजी सगळीच मत्सरातून आली होती, असे मानणे भाबडेपणाचे होईल. चाहते आपल्या दैवताचे दोष पाहात नाहीत. आपणही पाहिले नाहीत.

पण जो नियम दुसऱ्याला, तोच स्वतःला. पन्नाशी उलटून गेल्यावर मुंबईविरुद्ध खेळताना दत्तू फडकरांचा उसळलेला चेंडू त्यांच्या तोंडावर बसला. दात पडले. नायडूंनी ते बाजूला सारले आणि पुढचा चेंडू खेळायला उभे राहिले. चोळत बसले नाहीत. जुनी मंडळी ही गोष्ट सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे.

मग मोठा कोण?

आयुष्यभर बँकेत आकडेमोड केल्यामुळे आकडा खोटे बोलतो असे म्हणायला आम्ही धजणार नाही. मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१ च्या वर आहे. हजारेंची कसोटी सरासरी ४७.६५, आणि १९५२ मध्ये भारताला पहिला कसोटी विजय मिळाला तेव्हा कर्णधार तेच होते. देवधरांनी महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक मिळवून दिला आणि पन्नाशीनंतर एका सामन्यात दोन शतके केली. नायडूंच्या प्रथम श्रेणीत २०७ सामन्यांत ११,८२५ धावा, सरासरी ३५.९४, शतके २६ आणि बळी ४११. नुसती फलंदाजी तोलायची असेल तर मर्चंट आणि हजारे पुढे आहेत. हे मान्य केल्याने इंदूरचे काही बिघडत नाही.

मात्र खाते एकच नसते. तो माणूस नसता तर काय घडले नसते, हा प्रश्नही विचारून पाहावा. मर्चंट खेळायला येण्यापूर्वीही मुंबईत उत्तम क्रिकेट होते आणि ते गेल्यावरही राहिले. इंदुरात नायडूंच्या आधी रणजी करंडकाचे स्वप्न पाहायचेही धाडस कोणी केले नसते. हे सारे होळकरांच्या खजिन्याने केले, असा आक्षेप घेतला जातो. खजिना लागला, यात शंका नाही. पण पैसा विजयानगरमकडेही होता. त्यातून १९३६ चा दुभंगलेला संघ निघाला. इंदूरच्या पैशातून होळकर संघ निघाला. फरक पैसा कोणाच्या हातात पडला त्याचा आहे.

म्हणून आमचे मत असे. सर्वांत मोठा फलंदाज कोण, या प्रश्नाचे उत्तर मुंबई किंवा वडोदऱ्याकडे जाऊ द्यावे. एका माणसाने आपल्या गावासाठी सर्वांत जास्त काय उभे केले, या प्रश्नाला मात्र नायडूंसमोर उभे राहील असे नाव शोधावे लागेल.

अखेरची वर्षे

संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. आश्रय आटला, तरी संघ काही वर्षे तग धरून राहिला. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात मद्रासकडून हार झाली आणि त्यानंतर रणजीच्या तक्त्यातून होळकर हे नाव गेले. नायडू तेव्हा संघात नव्हते, पण थांबलेही नव्हते. १९५६-५७ मध्ये, साठी ओलांडल्यावर, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. १९५६ मध्येच सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. निवड समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९६३-६४ च्या हंगामात एका मदतनिधीच्या सामन्यात ते शेवटचे उतरले. वय अडुसष्ट. १९१६ ते १९६३, म्हणजे सहा दशकांना स्पर्श करणारी कारकीर्द.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले. जन्म नागपूरचा, घरची भाषा तेलुगू, पण माती इंदूरची लाभली.

होळकरांचा शेवटचा करंडक १९५२-५३ चा. त्यानंतर मध्य प्रदेशाला रणजी करंडकासाठी २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली. २६ जून २०२२ रोजी बंगळूरला मध्य प्रदेशाने मुंबईला ६ गडी राखून हरवले. प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. १९९८-९९ मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून त्यांनी अंतिम सामना गमावला होता. त्या दिवशी इंदुरात राजवाड्यापासून छप्पनपर्यंत आनंद होता. करंडक मध्य प्रदेशाचा पहिला धरायचा की होळकरांच्या चारनंतरचा पाचवा, यावर लगेच दोन पक्ष पडले. मुंबईकरांनी पंडितांवर आपला हक्क सांगितला तो वेगळाच.

वाद होऊ द्यावेत. पण घरातल्या मुलांना नायडूंच्या नावाबरोबर सरवटे, जगदाळे, निंबाळकर, भांडारकर आणि मुश्ताक अली हीही नावे सांगावीत. ज्यांच्या घरी होळकर संघाची जुनी छायाचित्रे, तिकिटे किंवा कात्रणे असतील, त्यांनी ती जपून ठेवावीत. नायडूंचा मोठेपणा त्यांच्या २५ च्या सरासरीत शोधून सापडणार नाही. तो त्या संघाच्या छायाचित्रात, एका ओळीत उभ्या असलेल्या अकरा माणसांत दिसतो.